आग निजवणारी

आमच्या शालियांग गावात नवी सून आली की पहिल्या हिवाळ्यात सासू तिचं रूप बघत नसे, रांधणंही बघत नसे. आग निजवते कशी, एवढंच बघायची.

आमच्याकडे रात्र मोठी आणि कोळसा महाग. रात्रभर भडभडा जाळला तर महिन्याचा कोळसा आठवड्यात उडायचा. विझवावा तर सकाळी घर बर्फासारखं, आणि पुन्हा पेटवता पेटवता अर्धी सकाळ धुरात जायची. म्हणून निजायच्या आधी कोळशाच्या भुकटीत पिवळी माती आणि पाणी कालवायचं, तो चिखल जळत्या निखाऱ्यांवर थापायचा आणि सळईनं मधोमध एक भोक पाडायचं. भोक मोठं झालं तर आग मध्यरात्रीच जळून संपते. लहान झालं तर गुदमरून मरते. बेताचं झालं तर ती रात्रभर राखेखाली धुगधुगत राहते, शेजारचा मातीचा ओटा तिच्या उबेनं कोमट राहतो, त्यावर सगळं घर ओळीनं झोपतं, आणि सकाळी सळईनं एकदा ढोसलं की आग जागी. याला गावात ‘आग निजवणं’ म्हणत.

शिंगलान यात अख्ख्या गावात पहिली होती. सासूनं पहिल्याच हिवाळ्यात सळई तिच्या हातात दिली आणि मरेपर्यंत परत मागितली नाही. म्हातारी मोठी खाष्ट. “आग मेली तर घर मेलं,” एवढंच तिनं सुनेला शिकवलं. शिंगलाननं ते गाठीला बांधलं. बाळंतपणात, तापात, सासरा गेला त्या दिवशीसुद्धा तिची आग मेली नाही. हे ती स्वतःच सांगायची आणि जरा जास्तच सांगायची, पण खोटं नव्हतं.

तिच्या भिंतीपलीकडे रुइफन राहायची. रुइफनची आग दोन दिवसाआड मरायची. मग ती सकाळी चिमट्यात कोळशाची कोरी वडी धरून शिंगलानच्या दारात उभी. ही भोकाभोकांची गोल वडी असते. कोरी द्यायची आणि त्या बदल्यात पेटलेली न्यायची, अशी गावची रीत.

“आली बघा महाराणी,” शिंगलान म्हणायची. “रात्री काय, घोरत पडली होतीस?”

“हो ना ताई. झोप फार गोड लागली.”

“आग निजवायची असते गं, स्वतः नव्हे.”

रुइफन हसायची, जळती वडी चिमट्यात धरून घरी पळायची. आळशी खरी, पण मनाला लावून घेणारी नव्हती. असे किती हिवाळे गेले. शिंगलाननं पेटलेली वडी कधी नाकारली नाही, आणि एक टोमणा मारल्याशिवाय दिलीही नाही.

शिंगलानचा नवरा दहौ कोळसाच विकायचा. तीन चाकांची गाडी, पाठीमागे वड्यांची चळत, आणि खोऱ्यातल्या पाच-सात गावांत त्याची आरोळी. त्या आरोळीवरून लोक हिवाळा आला हे ओळखायचे. वड्या पाडायचं यंत्रही त्याच्याच अंगणात होतं. भुकटी उडायची, ती जेवणात, अंथरुणात, कानात. शिंगलान धुतलेली चादर दोरीवर टाकायची आणि काढताना ती राखाडी झालेली असायची. मग ती दहौच्या नावानं बोटं मोडायची.

“तुमच्या घरी देऊन माझ्या आईनं मला काळं केलं.”

“आधी गोरी होतीस का?” दहौ म्हणायचा.

पन्नाशी ओलांडली तसा दहौला दम लागायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. खोकून खोकून थुंकलं की काळं पडायचं. आरोळी बंद झाली. गाडी विकली. तालुक्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो दिव्याला लावून दाखवला आणि शिंगलानला बाजूला घेऊन सांगितलं, “यांना दोन गोष्टी सांभाळा. धूर नको आणि गारठा नको. घर सारखं ऊबदार पाहिजे. आज गरम, उद्या गार, असं नको. एकदा छातीत ताप भरला तर मग माझ्या हातात काही नाही.”

धूर नको आणि गारठा नको! डॉक्टरला बोलायला काय जातं? आमच्याकडे धुरावाचून ऊब असते हे तोवर कुणी ऐकलंच नव्हतं. शिंगलाननं चुलीचं धुराडं दोनदा लिंपून घेतलं आणि जे काय करता येत होतं ते केलं.

आणि मग एका शरदात वरून हुकूम आला की यापुढे गावात कोळसा जाळायचा नाही. हवा फार खराब झाली होती, शहरातल्या लोकांना आकाश दिसत नव्हतं म्हणे. आम्हाला तरी कुठे दिसत होतं? पण ते असो. ट्रक आले, घरोघरचा कोळसा मोजून घेऊन गेले, लोखंडी चुली भंगारात गेल्या, ओट्याखाली ऊब सोडणारी भोकं विटांनी बुजवली. बदल्यात प्रत्येक घराच्या भिंतीबाहेर एक पांढरी पेटी आली. हीट पंप. पेटीच्या पोटात भलामोठा पंखा, आणि आत खिडकीखाली पाण्याच्या लोखंडी नळांची जाळी. पेटीचे बरेचसे पैसे सरकारनं भरले, विजेलाही सुरुवातीला मदत होती.

बसवायला लियाव मिस्त्री आला होता. चाळिशीचा, बडबड्या. शिंगलाननं त्याला सरळ विचारलं, “ही काय जाळते?”

“काही जाळत नाही काकू. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणते.”

“बाहेर माणसाचे दात वाजतायत. तिथे ऊब कुठली आली? दगडाचं दूध काढतोस होय?”

“असते काकू, थंड हवेतही थोडी असते. ही हमाल आहे असं समजा. विजेची एक भाकरी खाते आणि उबेची तीन पोती उचलून आणते. कडाका पडला की त्याच भाकरीत दोनच पोती येतात, एवढंच. पण हिला सारखी चालू ठेवायची. मंद, पण सारखी. भिंती एकदा तापल्या की मग काम कमी पडतं. आणि रात्री तर मुळीच बंद करू नका. रात्री वीज निम्म्या भावात आहे.”

शिंगलाननं मान हलवली. मिस्त्री गेल्यावर ती दहौला म्हणाली, “रात्री निम्म्या भावात! रात्रीचं स्वस्त विकतो तो चोर. आणि याला काय, वीज जास्त जळली तर याचं पोट भरणार.”

“तो वीज विकत नाही, पेट्या विकतो,” दहौ म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा. तुम्ही कोळसा विकत होतात तेव्हा गिऱ्हाइकाला ‘कमी जाळा’ म्हणालात का कधी?”



पण पहिला हिवाळा खरोखर चांगला गेला. मदत भरपूर होती, पंप रात्रंदिवस चालू होता. बर्फ पडला तो चार दिवस पांढराच राहिला. आमच्याकडे तो दुपारपर्यंत काळवंडायचा, म्हणून म्हातारी माणसं बाहेर येऊन नुसती बघत उभी राहिली. पश्चिमेचे ताइहांगचे डोंगर गावातून दिसायला लागले. चादरी पांढऱ्या वाळल्या. आणि दहौ झोपायला लागला. आधी तो भिंतीला टेकून बसूनच रात्र काढायचा, आता आडवा होऊन झोपला. थुंकी पांढरी झाली. एका सकाळी त्यानं अंगणात उभं राहून आपली जुनी कोळशाची आरोळी दिली, पूर्ण, एका दमात. गल्लीतली कुत्री भुंकली. शिंगलान आत कणीक मळत होती, ती तशाच हातांनी डोळे पुसत बाहेर आली आणि त्याला शिव्या द्यायला लागली.

“वीज तरी कुठे फुकट होते,” दहौ एकदा म्हणाला होता. “कुठेतरी लांब कोळसाच जळत असणार.”

“जळू दे. तुमच्या नाकाखाली तर जळत नाही ना? शिवाय एका भाकरीत तीन पोती.” मिस्त्रीचं वाक्य तिला पाठ झालं होतं. पुढचं मात्र तिनं ऐकूनही ऐकलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात एकदा कडाक्याच्या थंडीत पेटीनं पंखा थांबवला आणि अंगातून पांढऱ्या वाफेचा लोट सोडला. शिंगलान बादली घेऊन धावली. पाणी ओतणार तोच दहौनं दारातून आरडाओरडा केला. पेटीच्या अंगावर बर्फ चढतो, तो ती स्वतःच मधूनमधून वितळवते, हे नंतर कळलं. गावानं महिनाभर शिंगलानला चिडवलं. “आगच नाही तिथे विझवायला निघाली!” सगळ्यात मोठ्यानं रुइफन हसली, आणि ते शिंगलानला फार झोंबलं.

नव्याचे नऊ दिवस संपले. विजेची मदत दुसऱ्या वर्षी कमी झाली, पुढच्या वर्षी आणखी. बिल शहरात मुलाच्या फोनवर जायचं. योंगचांग तिथे फरशा बसवायचा. एक पोरगी शाळेत, बायकोच्या वडिलांचं आजारपण, भाड्याची खोली. तो कधी तक्रार करत नसे. रविवारी फोनवर एवढंच म्हणाला, “आई, या महिन्यात बिल जरा जास्त आलंय. पण चालू राहू दे हं. बाबांना जप.”

‘जरा जास्त’ हे दोन शब्द शिंगलानच्या कानात रुतून बसले. हा पोरगा ‘जरा’ म्हणतो म्हणजे किती? सून काय म्हणत असेल? म्हातारा-म्हातारी डोंगराच्या पायथ्याशी बसून पोराच्या घामावर शेकतात, असंच ना? ती दिवसभर राळ्याची पेज ढवळत विचार करत राहिली. त्या संध्याकाळी दहौ रजई ओढून झोपल्यावर ती पंप चालू-बंद करायच्या भिंतीवरच्या डबीपाशी गेली. डबीवर पाच-सहा बटणं, त्यातलं एक लाल. मिस्त्रीनं दाखवलं होतं तसं तिनं ते पाच मोजेपर्यंत दाबून धरलं. बाहेरचा पंखा घरघरत थांबला.

इतक्या वर्षांचा हात तो. रात्र झाली की आग निजवायची. नाहीतर ती बाई झोपली कशी असती?

पहाटे उठून ती पुन्हा सुरू करायची. पण निजवलेली आग आणि बंद पडलेला पंप यांत जमीन-अस्मानाचा फरक. निजवलेली आग ऊब धरून असते. पंप रात्री काहीच धरून ठेवत नाही. विटांच्या भिंती रात्रभर आपली ऊब बाहेर सोडून देतात आणि पहाटे, थंडी सगळ्यात जास्त असते त्याच वेळी, पेटीला शून्यापासून सगळं घर उचलावं लागतं. तेव्हा ती धापा टाकत धावते, मधूनमधून अंगावरचा बर्फ वितळवायला थांबते, पुन्हा धावते, एका भाकरीत दीड पोतं आणते, आणि तोवर वीज दिवसाच्या भावाची झालेली असते. निम्म्या भावाची रात्र शिंगलान अशी रोज फुकट घालवत होती. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

पुढच्या महिन्यात योंगचांग म्हणाला, “आई, परत वाढलंय गं. मशीन बिघडली तर नाही ना?”

इतकी काटकसर करूनही वाढतं म्हणजे ही पेटीच खादाड. मग तिनं संध्याकाळी आणखी लवकर बंद करायला सुरुवात केली. मग दुपारीही, दहौ अंगणात उन्हाला बसला की. कुणी भेटायला आलं तर चालू, गेलं की बंद. बिल उतरेना. जितकं वाढे तितकं ती जास्त बंद करी. कधी कधी बंद केलेली पेटी मध्येच आपोआप गुरगुरायची. नळातलं पाणी गोठू नये म्हणून ती तसं करते. शिंगलान खिडकीतून तिला शिव्या घालायची, “निजवलं तरी उठून बसते, बया!”

लियाव मिस्त्री वर्षाच्या तपासणीला आला, तेव्हा डबीवर बोट ठेवून म्हणाला, “काकू, तुम्ही बंद-चालू करता वाटतं? ही चूल नाही हो. हिला निजवायचं नसतं.”

“मी कशाला हात लावू?” शिंगलान म्हणाली आणि त्याच्यापुढे भाजलेलं रताळं ठेवलं. मिस्त्रीनं रताळं खाल्लं आणि तेच पुन्हा दोनदा सांगून गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

दहौ घरात कापूस भरलेली जाड बंडी घालून वावरायला लागला. मग टोपी. मग बंडीवर कोट. जेवतानाही कोट, झोपतानाही कोट. काही बोलायचा नाही. खोकला परत आला होता, पण तो रजईत तोंड खुपसून खोकायचा. शिंगलान म्हणायची, “कोट काढा की, घर गरम आहे.” तो म्हणायचा, “असू दे, सवय झालीय.” तिला त्याचा तो कोट दिसत नव्हता असं नाही. रोज झोपताना ती मनाशी म्हणायची, एवढा महिना निघू दे, बिल खाली आलं की ठेवू चालू. आपल्या हाताला चुकता येतं, हे मात्र तिच्या मनात कधी आलं नाही.

वर्ष सरायच्या आधी उत्तरेकडून लाट आली. दोन दिवस बर्फ पडला, घाटाचा रस्ता बंद झाला. अंगणात रचलेला कोबी गोठून वाजायला लागला. लाटेच्या दुसऱ्या सकाळी शिंगलान उठली तेव्हा रांजणातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ होता, आणि दहौ तापानं फणफणला होता.

तिनं पंप पूर्ण जोरावर लावला. गावातला डॉक्टर बर्फ तुडवत आला, सुई दिली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला. “तालुक्याला न्यायला हवं. पण गाडी उद्याशिवाय येत नाही म्हणतात. तोवर घर तापवा, काकू. या घरात श्वासाची वाफ दिसतेय.”

“तापवतेय हो. पूर्ण जोरावर आहे.”

घर काही तापेना. नळांच्या जाळीवर हात ठेवला तर कोमट, भिंतीवर ठेवला तर बर्फ. पेटी बाहेर घोंघावत होती, थांबत होती, वाफ सोडत होती, पुन्हा घोंघावत होती. दुपार झाली तरी दहौच्या तोंडासमोर वाफ दिसतच होती. शिंगलानला वाटलं, पेटी बिघडलीच. दुसऱ्यांची चालते का बघावं म्हणून ती भिंतीला वळसा घालून रुइफनकडे गेली.

दार उघडताच ऊब अंगावर आली. रुइफन नुसत्या सदऱ्यावर, ओट्यावर पाय पसरून सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. टरफलं जमिनीवर. खिडकीत हिरव्या लसणीची पात.

“ताई! बसा. भाऊजी कसे आहेत?”

“तुझा पंप चालतो?”

“चालतो की.”

“कधी लावलास पूर्ण जोरावर?”

“मी कुठे काय लावते?” रुइफन हसली. “मला आग निजवता येत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मिस्त्रीनं शरदात जसा लावून दिला तसा आहे. मंद. आठवड्यात एकदा धूळ पुसते, तीही आठवली तर.”

“रात्रीही?”

“रात्री तर स्वस्त असते ना वीज.”

शिंगलाननं बिल विचारलं. रुइफननं फोन काढून आकडा दाखवला. तो शिंगलानच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त होता. घर तेवढंच, पेटी तीच, भिंती एकाच कुंभाराच्या विटांच्या.

रुइफनला काय ते समजलं. ती पाय खाली सोडून उठली. आयुष्यात पहिल्यांदा तिला टोमणा मारायची संधी मिळाली होती, आणि “दात कोरून पोट भरतं का ताई?” एवढं तिच्या तोंडून निघून गेलंही. मग तिनंच जीभ चावली. “भाऊजींना इकडे आणा. आत्ता. आमचे हे आणि मी खुर्चीत बसवून आणतो, रजईत गुंडाळून. चार पावलं तर आहेत. रात्रभर राहू देत इथे.”

शिंगलान उंबऱ्यात उभी होती. इतके हिवाळे हिच्या हातात पेटलेली वडी दिली. हिला हसले. आता हिच्या दारात ऊब मागायला यायचं? नवरा आजारी असताना, गारठलेला, कोट घातलेला, सगळ्या गल्लीच्या देखत खुर्चीतून इकडे आणायचा? म्हणजे शिंगलानच्या घरात ऊब नाही, हे गावाला वाजवून सांगायचं?

“घर तापतंय,” ती म्हणाली. “संध्याकाळपर्यंत तापेल.”

तिला शिव्या द्याव्या की तिच्यासाठी रडावं, हे मला अजून कळत नाही. चार पावलं होती फक्त.

घरी आल्यावर तिनं सगळ्या रजया दहौवर घातल्या, बाटल्यांत गरम पाणी भरून त्याच्या कुशीत ठेवलं, स्वतः त्याच्या पाठीशी बसली. अंधारून आलं. दहौ डोळे उघडून बाहेरच्या घरघरीकडे कान देत होता.

“आज निजवू नकोस हं तिला,” तो म्हणाला.

शिंगलान त्याच्या तोंडावर वाकली. “तुम्हाला माहीत होतं?”

“पंखा थांबला की जाग येते मला.”

“मग बोलला का नाहीत? तोंडात काय गुळणी धरली होतीत? कोट घालून बसायचात नुसते! एकदा तरी ओरडायचंत माझ्यावर!”

दहौला दम लागला होता. दोन शब्दांमध्ये तो थांबत होता. “तुझी आग... कधी मेलीय का? मी म्हटलं... हिला कळत असेल.”

त्यानंतर तो नीटसं काही बोलला नाही. एकदा पाणी मागितलं. एकदा योंगचांग आला का म्हणून विचारलं.

उजाडायच्या सुमाराला घर तापलं. भिंतींनी ऊब धरली, खिडकीवरचा बर्फ ओघळायला लागला, रांजणातली साय विरघळली. तोवर दहौ गेला होता.

दुपारी रस्ता उघडला आणि योंगचांग पोचला, बायको-मुलीला घेऊन. बापाला नवे कपडे घालून बाहेरच्या दालनात फळ्यांवर ठेवलं होतं, पायाशी दिवा लावला होता. गल्लीतली माणसं येऊन बसली होती. रीतीप्रमाणे त्याला दोन रात्री घरात ठेवायचं होतं. घर मात्र असं तापलं होतं की शिंगलानच्या घरात त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच लोकांनी कोट काढून खुंटीला लावले. पंप अजूनही पूर्ण जोरावर होता.

गावातले थोरले काका, मयताची कामं त्यांच्याकडेच असत, त्यांनी नाकाशी बोट नेलं आणि योंगचांगला हळूच म्हणाले, “पोरा, हे बंद कर. उन्हाळ्यात बर्फाची पेटी भाड्यानं आणावी लागते, हिवाळ्यात घर थंड ठेवलं की भागतं. एवढ्या उबेत त्याला दोन दिवस नाही ठेवता येणार.”

योंगचांग उठून भिंतीवरच्या डबीपाशी गेला. डोळे रडून सुजलेले. पाच-सहा बटणांवरून, लाल बटणावरूनही, त्याचं बोट फिरलं, काहीतरी चमकलं, काहीतरी वाजलं, पंखा चालूच. तो वळला.

“आई, हे बंद कसं करायचं गं?”

सगळ्यांनी शिंगलानकडे पाहिलं. ती दहौच्या उशाशी बसली होती, एक हात त्याच्या कोटाच्या बाहीवर. रीतीचे नवे कपडे घातले तरी तो कोट तिनं वरून घालायलाच लावला होता. तिनं मान वर केली. तिथून तिला डबी दिसत होती, लाल बटण दिसत होतं. डोळे मिटून अंधारात तिचं बोट त्यावर नेमकं जायचं.

“मला नाही येत,” शिंगलान म्हणाली.

रुइफन दाराशी बसली होती. तिनं खाली पाहिलं आणि बाहीच्या टोकाशी चाळा करत राहिली. योंगचांग पुन्हा डबीकडे वळला. शेवटी थोरले काका उठले, त्यांनी दार आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, आणि बाहेरची थंडी आत यायला लागली. माणसांनी खुंटीवरचे कोट काढून परत अंगात घातले. पंप चालूच राहिला.